मे महिन्यातला सूर्य आणि गच्चीवरचं टेबल : एका संध्याकाळचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण माझ्या घरातलंच आहे. माणसांची नावं मी दिलेली नाहीत आणि हॉटेलांचीही नाहीत. तारखा, वेळा आणि निर्णय मात्र जसे झाले तसे लिहिले आहेत. मुंबईत गच्चीवरच्या बारमध्ये बसून सूर्यास्त बघायचा, एवढंच काम होतं. त्यासाठी आम्हाला तारीख बदलावी लागली, जागा बदलावी लागली, आणि तरीही त्यातला एक निर्णय चुकलाच.

पार्श्वभूमी

ताई आणि भाऊजींच्या लग्नाला १८ मे २०२४ रोजी पंचवीस वर्षं होत होती. लग्नानंतरची पहिली चार वर्षं ती दोघं गिरगावातल्या चाळीत राहिली. दीड खोली, सासू-सासरे, धाकटा दीर. दोघांना चार शब्द बोलायला जागा होती ती मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर. भाऊजी कामावरून सुटले की ताई चालत यायची, पुडीतले शेंगदाणे संपेपर्यंत आणि सूर्य बुडेपर्यंत दोघं बसायची. मागे वळून पाहिलं की हॉटेलांच्या वरच्या मजल्यांवर दिवे लागलेले दिसायचे. तिथे कोण बसत असेल, काय खात असेल, यावर त्यांच्या गप्पा चालायच्या. पुढे मुलुंडला घर झालं आणि त्या बाजूला जाणं कमी होत गेलं.

ताईने हे कधी मागितलं नव्हतं. २०२३ च्या दिवाळीत फराळ करताना ती माझ्या बायकोला सहज म्हणाली, "एकदा त्या वर बसून सूर्य बुडताना बघायचाय. हातात वाइनचा ग्लास घेऊन." नाशिकला द्राक्षमळ्यात तिने वाइन चाखली होती, तिला आवडली होती. पण बारमध्ये ती आयुष्यात कधी बसली नव्हती. बायकोने ते वाक्य लक्षात ठेवलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

येणारे आठ जण होते. ताई आणि भाऊजी. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, वय २३, बंगळुरूहून येणार होता. मी आणि बायको, राहायला डोंबिवलीला. मोठी वहिनी एकटीच, कारण दादा बोटीवर. आणि भाऊजींचे पुण्याचे जुने मित्र, सपत्नीक. भाऊजींच्या गुडघ्याची जानेवारीत शस्त्रक्रिया झाली होती. ते काठी घेऊन चालत होते आणि पाय सुजत असल्याने सँडलच घालत होते. वहिनी दारू पीत नाही. पुण्याच्या वहिनींचा शनिवारचा उपास असतो. ही यादी मी आज इतक्या सरळपणे मांडतो आहे, पण पहिलं बुकिंग करताना ती कुणीच कागदावर मांडली नव्हती.

अडचण

बुकिंग भाच्याने केलं. मरीन ड्राइव्हवरच, पण चौपाटीच्या बाजूला झुकलेली एक गच्ची त्याने निवडली. फोटो सुंदर होता. कठड्याला लागून उंच टेबल, समोर मोकळा समुद्र, आणि पाण्याला टेकलेला लालभडक सूर्य. त्याने १८ मेचं, संध्याकाळी साडेसहाचं टेबल घेतलं, ५,००० रुपये आगाऊ भरले आणि आम्हा सगळ्यांना बजावलं, "मामा, आईला कळता कामा नये."

पहिला धक्का तारखेचा होता. मुंबई, ठाणे आणि कल्याण या सगळ्या मतदारसंघांत लोकसभेचं मतदान २० मे रोजी होतं. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूविक्री बंद असते, हे आपल्याला माहीत असतं, पण ते आपल्या घरच्या तारखेला लागू होईल असं डोक्यात येत नाही. १८ मेची संध्याकाळ नेमकी त्या ४८ तासांत जात होती. मी फोन केला तेव्हा बारच्या माणसाने शांतपणे सांगितलं की गच्ची सुरू राहील, जेवण मिळेल, दारू मिळणार नाही. आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, पण वर्षअखेरपर्यंत दुसऱ्या तारखेला वापरता येईल.

दुसरा धक्का हवेचा. जागा डोळ्यांनी बघून यावी म्हणून मी १३ मे रोजी संध्याकाळी जायचं ठरवलं होतं. त्याच दुपारी मुंबईत धुळीचं वादळ आलं. घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळलं आणि १७ जणांचा जीव गेला. मुलुंडहून ते ठिकाण काही फार लांब नाही. वहिनी हादरली. गच्चीवर बसायचं आहे हे आठवून तिने थेट ताईलाच फोन लावला आणि काळजीच्या भरात सगळं सांगून टाकलं.

गुपित फुटलं म्हणून भाचा रडवेला झाला. आणि तिथेच या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची माहिती आम्हाला मिळाली. ताईने हॉटेल कुठे आहे ते विचारलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अरे, मेमध्ये तिथून सूर्य समुद्रात नाही बुडत. मलबार हिलच्या मागे जातो. आम्ही उन्हाळ्यात म्हणून तर नरिमन पॉइंटच्या टोकापर्यंत चालत जायचो."

ताईचं म्हणणं तपासून पाहिलं

सूर्य पश्चिमेला मावळतो हे आपण शाळेत शिकतो. पण बरोबर पश्चिमेला तो वर्षातून दोनदाच मावळतो, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असताना. त्यानंतर तो सरकत जातो. मुंबईच्या अक्षांशावर जूनमध्ये तो पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण २५ अंश सरकलेला असतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेकडे. हात लांब करून मूठ धरली तर ती जवळपास १० अंश भरते. म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मुठी, टोकापासून टोकापर्यंत पाच मुठींचा फरक.

मरीन ड्राइव्हचा उपसागर नैर्ऋत्येकडे उघडतो. वायव्येला मलबार हिलचं टोक, त्यावर राजभवन. डिसेंबरमध्ये सूर्य नैर्ऋत्येच्या मोकळ्या पाण्यात उतरतो, म्हणून थंडीत कट्ट्यावर कुठेही बसा, सूर्य समुद्रातच जातो. उन्हाळ्यात तो उत्तरेला सरकलेला असतो. जितकं चौपाटीकडे जाल तितकी टेकडी आडवी येते, जितकं नरिमन पॉइंटच्या टोकाकडे याल तितकी ती उजवीकडे बाजूला होते. भाच्याने बघितलेला फोटो खोटा नव्हता, तो थंडीतला होता.

१५ मे रोजी मी प्रत्यक्ष जाऊन आलो. त्या दिवशी पंचांगातला सूर्यास्त ७ वाजून ५ मिनिटांच्या सुमाराचा. त्या गच्चीवरून सूर्य सातला दहा कमी असतानाच मलबार हिलवरच्या इमारतींना टेकला आणि पाचेक मिनिटांत दिसेनासा झाला. आकाश पुढेही छान होतं. पण ताईला जे बघायचं होतं ते तिथून दिसलं नसतं.

त्याच फेरीत आणखी तीन गोष्टी लक्षात आल्या. लिफ्ट गच्चीच्या एक मजला खालीच थांबते, वर २२ पायऱ्या. कठड्याजवळ सगळी उंच स्टुलं, पाठ टेकायला काही नाही. प्रसाधनगृह त्या २२ पायऱ्यांच्या खाली. काठी घेतलेल्या माणसाला वर नेऊन बसवलं की तो तिथेच अडकणार. फोनवर मी "लिफ्ट आहे ना?" असं विचारलं होतं आणि "आहे" असं उत्तर मिळालं होतं. उत्तर खरं होतं, माझा प्रश्न अपुरा होता. "लिफ्ट टेबलाच्या पातळीपर्यंत येते का?" असा तो विचारायला हवा होता.

समोर असलेले पर्याय

आधी तारीख. १७ मे, शुक्रवार. पुण्याच्या मंडळींना सुट्टी नव्हती आणि त्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर आणि वांद्रे-कुर्ला संकुलात मोठ्या प्रचारसभा होत्या, रस्त्यांचा भरवसा नव्हता. २५ मे, शनिवार. मतदान उरकलेलं, पाऊस अजून लांब. १ जून, शनिवार. हा आम्ही पावसाच्या भीतीने सोडला आणि ते बरंच झालं, कारण त्या दिवशी मध्य रेल्वेचा ठाण्यातला ६३ तासांचा ब्लॉक चालू होता आणि आमची निम्मी मंडळी त्याच मार्गावरची. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, निव्वळ नशीब.

मग जागा. वरळीच्या उंच मनोऱ्यांवरचे बार आम्ही बघितले. उंचीमुळे नजर लांबवर जाते, खाली वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसतो आणि लिफ्ट थेट वर जाते. पण दर आमच्या आवाक्याच्या वरचे होते. भाऊजी तर स्पष्टच म्हणाले, "वरळी आमची नव्हे." या वाक्याला मी तेव्हा फारसं वजन दिलं नाही. नंतर कळलं की तोच निकष होता.

जुहू हा सूर्यास्तासाठी सगळ्यात निर्धोक पर्याय. किनारा सरळ पश्चिमेला तोंड करून आहे, आडवी टेकडी नाही, त्यामुळे बाराही महिने सूर्य पाण्यातच जातो. रिक्षाही मिळतात, ज्या दक्षिण मुंबईत मिळत नाहीत. पण मुलुंड-डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून पार्ल्याला उतरायचं, मग रिक्षा, आणि रात्री हेच उलट. काठी घेतलेल्या माणसासाठी दादरचा पूल हा प्रवासाचा सगळ्यात कठीण भाग असतो.

एका मित्राने अपोलो बंदरच्या बाजूची एक गच्ची सुचवली. गेटवे समोर, बोटी, बंदराचे दिवे, सगळं मनोहर. पण तो किनारा पूर्वेकडे बघतो. तिथे सूर्य उगवतो. सूर्यास्त म्हणून ती जागा सुचवणारे लोक आकाशाच्या रंगाबद्दल बोलत असतात, सूर्याबद्दल नाही. इतरांना ते चालत असेल, आम्हाला चालणार नव्हतं.

शेवटचा पर्याय ताईने सुचवलेलाच : नरिमन पॉइंटच्या टोकाकडची जागा. नकाशावर मी तिथून राजभवनापर्यंत रेघ ओढली. २५ मे रोजी सूर्य पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण २२ अंशांवर मावळणार होता. टेकडीचं टोक त्याच्याही बरंच उजवीकडे येत होतं. म्हणजे सूर्य पाण्यात. त्या भागातल्या एका मध्यम हॉटेलच्या वरच्या मजल्यावर अर्धी उघडी, अर्धी छताखालची अशी गच्ची होती. फोटोत ती साधीच दिसत होती आणि म्हणूनच भाच्याने ती पहिल्या फेरीत वगळली होती.

निर्णय आणि कृती

१६ मेच्या रात्री आम्ही ताईसकट फोनवर बोललो आणि २५ मे, नरिमन पॉइंट असं ठरलं. सीएसएमटीहून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. सागरी किनारा मार्ग मार्चमध्ये अंशतः सुरू झाला होता, पण तेव्हा तो सोमवार ते शुक्रवारच चालू असायचा, आणि आम्ही तसेही लोकलनेच जाणार होतो. गाडी कुणीही आणायची नाही, हे पहिल्या मिनिटातच ठरलं. रक्तात १०० मिलीलिटरला ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे. पण आमच्या डोक्यात आकडा नव्हता, घरी परतणारी माणसं होती.

दुसऱ्या दिवशी मी त्या हॉटेलात जाऊन आलो. लिफ्ट टेबलाच्या पातळीपर्यंत येत होती. पाठ असलेल्या खुर्च्या होत्या. प्रसाधनगृह त्याच मजल्यावर. खाली उतरायचे दोन स्वतंत्र जिने आहेत का, आणि त्यांच्या तोंडाशी खुर्च्या-खोकी रचलेली नाहीत ना, हेही मी बघितलं. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवर लागलेल्या आगीत १४ माणसं गेली. तेव्हापासून कुठल्याही गच्चीवर गेलो की माझे डोळे आधी जिना शोधतात. व्यवस्थापकाला ते विचारणं मला अजिबात अवघड वाटत नाही. त्या हॉटेलातल्या माणसाने स्वतः दोन्ही जिने उघडून दाखवले, आणि माझा निर्णय बराचसा तिथेच झाला.

पैशांचं बोलणं वेगळं झालं. तिथे माणशी २,५०० रुपये किमान खर्चाची अट होती, आठ जणांचे २०,०००. दोन जणी पिणार नाहीत, त्यातली एक उपासाची, हे सांगितल्यावर त्यांनी पूर्ण टेबलासाठी १७,००० मान्य केले. करांची रचना आधीच विचारून घेतली. खाण्यावर जीएसटी आणि दारूवर व्हॅट, दोन्ही वेगळे. महाराष्ट्रात बारमधल्या दारूवरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला आहे आणि तारांकित हॉटेलांत तो त्याहून जास्त असतो. सेवा शुल्क बिलात आपोआप लावू नये ही केंद्राची २०२२ ची सूचना तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयात अडकली होती. न्यायालयाने ती मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. आम्ही आधीच सांगून ठेवलं की शुल्क लावू नका, वाढणाऱ्यांना आम्ही हातात देऊ.

सँडलचा प्रश्न मी मुद्दाम संदेशातून लेखी विचारला. अशा ठिकाणी पुरुषांना उघडी पादत्राणं चालत नाहीत आणि दारावरचा माणूस फोनवर बोललेला नसतो. शस्त्रक्रियेमुळे चालतील, असं लेखी उत्तर आलं. ताईच्या समाधानासाठी आणखी एक गोष्ट मागून घेतली : वारं किंवा वळवाचा पाऊस आला तर छताखालचं टेबल. त्यामुळे वहिनीचाही जीव भांड्यात पडला.

वेळ मात्र मी ठरवली, आणि इथे चुकलो. तिथे टेबल दोन तासांसाठीच मिळत होतं. सूर्यास्त ७ वाजून ९ मिनिटांच्या आसपास. "घाई नको, आधीच जाऊन बसू" म्हणून मी पावणेसहाची वेळ घेतली. पावणेसहा ते पावणेआठ. कागदावर ती सुरक्षित दिसत होती.

ती संध्याकाळ

दारावर सगळ्यांची ओळखपत्रं बघितली, पन्नाशीच्या भाऊजींचंसुद्धा. आठवड्यापूर्वीच, १९ मे रोजी, पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण अभियंते गेले होते आणि आरोपी मुलगा अल्पवयीन असूनही त्याला दारू दिल्याच्या आरोपाचा तपास चालू होता. पुण्याचे मित्र म्हणाले, "आमच्याकडे तर आता दोनदा बघतात." भाच्याने जिन मागितली आणि वेटरने नम्रपणे नकार दिला. राज्यात बीअर आणि वाइनसाठी वय २१ लागतं, कडक दारूसाठी २५. बंगळुरूत राहणाऱ्या भाच्याला हा फरक माहीत नव्हता. त्याने बीअर घेतली. हे घरूनच सांगितलं असतं तर आईसमोर त्याचा चेहरा उतरला नसता. (पिण्याचा परवाना हीसुद्धा आपल्याकडे अजून कायद्यातली गोष्ट आहे. एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १००, आयुष्यभराचा १,०००. परमिट रूम हे नाव तिथूनच आलं.)

पहिला तास जड गेला. पावणेसहाला मे महिन्यातलं ऊन समोरून थेट तोंडावर येतं, आणि पश्चिमेकडची चांगली जागा म्हणजे तेच ऊन. देखावा अडू नये म्हणून छत्र्या मिटलेल्या. भाऊजी घामाने भिजले, वहिनीने पदर डोक्यावर घेतला. आम्ही चाळीस मिनिटं छताखाली जाऊन बसलो आणि साडेसहाला पुन्हा बाहेर आलो. दोन तासांतला जवळजवळ पाऊण तास असा गेला.

त्यानंतरचा अर्धा तास मात्र मी विसरणार नाही. वारं सुटलं होतं. ताईपुढे नाशिकच्या वाइनचा ग्लास आला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, चहाचा कप धरावा तसा. सूर्य राजभवनाच्या डावीकडे, पाण्यावर, तिने सांगितला होता तिथेच उतरत होता. अगदी क्षितिजाला टेकताना तो दिसला नाही. पाण्यालगत उन्हाळ्यातला धुरकट पट्टा होता, त्यात तो पंचांगातल्या वेळेच्या सहा-सात मिनिटं आधी विरघळला. भाऊजींनी ताईच्या पाठीवर हात ठेवला होता. कुणी फोटो काढा असंही म्हटलं नाही.

थोड्या वेळाने ताई म्हणाली, "इथून लाटांचा आवाज येत नाही, नाही का?" तक्रारीच्या सुरात नाही. तिला ते नव्याने कळलं होतं.

सव्वासातनंतर राणीच्या रत्नहाराचे, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या रस्त्यावरचे, दिवे लागू लागले, कमानीसारखे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. गिरगावच्या बाजूला बोट दाखवून भाऊजी आम्हाला चाळ कुठे होती ते सांगत होते. तेवढ्यात संगीताचा आवाज वाढला आणि सात चाळीसला वेटरने अदबीने आठवण करून दिली की पुढची मंडळी आली आहेत. गोष्ट अर्धवट राहिली.

परिणाम

बिल कर धरून १८,६०० रुपये झालं, ठरवलेल्या अंदाजात. सेवा शुल्क नव्हतं. भाऊजींच्या गुडघ्याला त्रास झाला नाही. उपासाच्या वहिनींना लिंबू सरबत आणि फळं मिळाली. आम्ही खाली उतरून रस्ता ओलांडला आणि कट्ट्यावर तासभर बसलो, भाऊजींनी अर्धवट राहिलेली चाळीची गोष्ट तिथे पूर्ण केली. साडेनऊच्या सुमारास टॅक्सीने सीएसएमटी, तिथून लोकल. पुण्याची मंडळी मुलुंडला ताईकडे राहिली.

मी ताईला नंतर सरळ विचारलं की मनासारखं झालं का. ती म्हणाली, "सूर्य दिसला, तू विचारून केलंस, छान झालं. पण दिवे लागल्यावर उठवलं ते नाही आवडलं." मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं आणि योग्यही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, गुपित. भाच्याचा हेतू निर्मळ होता. पण ज्या माणसासाठी आपण जागा शोधतो तोच त्या जागेबद्दल सगळ्यात जास्त जाणत असेल, तर गुपित ठेवून आपण त्याचं ज्ञान स्वतःपासून दडवतो. ताईने त्या कट्ट्यावरून चार वर्षं सूर्य बघितला होता. तारखेचं गुपित ठेवा, केकचं ठेवा. जागेचं आम्ही ठेवायला नको होतं. वहिनीचा तो घाबरलेला फोन आला नसता तर आम्ही टेकडीमागे गेलेल्या सूर्याकडे बघत बसलो असतो.

वेळेचा निर्णय माझा, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो. दोन तासांचं टेबल असेल तर सूर्यास्त त्याच्या पहिल्या एकतृतीयांश भागात यायला हवा, शेवटच्या नाही. उन्हाळ्यात सूर्यास्ताआधी पस्तीस-चाळीस मिनिटं पुरेशी होतात. त्याआधी फक्त ऊन असतं, आणि नंतरचा तास हाच खरा बसण्याचा असतो : आकाशाचे रंग, दिवे, उतरलेला उकाडा. आम्ही साडेसहा ते साडेआठ घ्यायला हवं होतं. मुंबईत सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीस सहाच्या आसपास असतो आणि जुलैच्या सुरुवातीला ७ वाजून २० मिनिटांच्या. एवढा फरक असताना "सूर्यास्ताचं टेबल साडेपाचपासून" असं वर्षभर एकच सांगणाऱ्या ठिकाणी आपण स्वतः वेळ मागून घ्यायची असते.

जागा बघायला आगाऊ पैसे भरण्याआधी जायला हवं होतं, आणि नेमकं सूर्यास्तालाच. दुपारी गेलो असतो तर जिने दिसले असते, सूर्य कुठे जातो ते दिसलं नसतं. जाणं शक्य नसेल तर नकाशावर रेघ ओढणं आणि फोटो कुठल्या महिन्यातला आहे ते विचारणं, एवढ्याने आमचं पहिलं बुकिंग टळलं असतं.

भाऊजींचं "वरळी आमची नव्हे" हे वाक्यही मी पहिल्याच दिवशी ऐकायला हवं होतं. आम्ही उंची, दर, खुर्च्या यांची तुलना करत बसलो. त्यांना त्यांचाच कट्टा वरून बघायचा होता. हे एकदा कळलं असतं तर वरळी-जुहूवर घालवलेले दोन दिवस वाचले असते.

धुरकट पट्ट्याबद्दल मात्र मला खंत नाही. त्यावर कुणाचाच ताबा नसतो.

डिसेंबर

पहिल्या हॉटेलात अडकलेले ५,००० रुपये वर्षअखेरीआधी वापरायचे होते. या वेळी तारीख आणि वेळ ताईनेच ठरवली : १४ डिसेंबर, शनिवार, टेबल साडेसहाचं. सूर्यास्त त्या दिवशी ६ वाजून ३ मिनिटांच्या सुमाराचा. भाच्याला वाटलं की आईची वेळ चुकली, त्याने फोन करून सांगितलंही.

वेळ चुकली नव्हती. पावणेसहाला आम्ही खाली कट्ट्यावर बसलो, शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन. सूर्य नैर्ऋत्येला मोकळ्या पाण्यावर, थेट त्या फोटोतल्या जागी उतरला. लाटांचा आवाज येत होता. मग रस्ता ओलांडून आम्ही लिफ्टने वर गेलो आणि उरलेल्या २२ पायऱ्या भाऊजी काठीशिवाय, कठड्याला धरून, सावकाश चढले. आम्ही टेकलो तेव्हा खाली दिवे लागले होते आणि पुढचे दोन तास कुणीही आम्हाला उठवायला येणार नव्हतं.